रत्नागिरीचे 9 नमुने आणि ‘डेल्टा प्लस’ची पार्श्वभूमी

21 जून 2021 ला राज्यात करोना विषाणूच्या ‘डेल्टा प्लस’ या प्रकाराचे 21 रुग्ण जाहीर झाले. त्यांतले 9 एकट्या रत्नागिरीचे, 1 सिंधुदुर्गचा. मुंबईचे फक्त 2. तेव्हापासून कोकणावर शिक्का बसला. तो रास्त होता का, हे नमुने कसे घेतले ते पाहिल्याशिवाय ठरत नाही.

या विषाणूच्या आरएनएत, म्हणजे त्याच्या जनुकीय साहित्यात, सुमारे 29,900 अक्षरे आहेत आणि महिन्याला साधारण 2 बदल टिकतात. डेल्टा प्रकाराच्या स्पाईक प्रथिनात (विषाणूच्या पृष्ठभागावरच्या काट्यांत) 417 व्या जागी लायसिन या अमिनो आम्लाऐवजी अॅस्पराजीन आले, तो बदल म्हणजे के417एन. करोनाच्या आधीच्या बीटा प्रकारातही हाच बदल असल्याने धास्ती वाढली. अशा शाखांना एवाय.1, एवाय.2 म्हटले गेले. ‘प्लस’ हे बोलीतले नाव.

15 मेपासून दर जिल्ह्यातून 100 नमुने घ्यायचे ठरले होते, एकूण सुमारे 7,500 झाले. मुंबई आणि रत्नागिरीला सारखाच कोटा असेल, तर जिल्ह्याजिल्ह्यांची तुलना त्या आकड्यांवरून करता येत नाही. शिवाय एकाच वाडीतले चार स्वॅब गेले, तर रुग्ण चार दिसतात, संसर्गाची साखळी मात्र एकच असते. त्यात सीटी व्हॅल्यू (चाचणीतला आकडा; तो जितका कमी तितका विषाणू जास्त) साधारण 25 च्या आत असलेल्याच नमुन्यांचा जनुकीय क्रम नीट वाचता येतो. त्याहून जास्त असेल तर आरएनए अपुरा पडतो. व्हीटीएमची, म्हणजे स्वॅब ज्या द्रवात पाठवतात त्याची, नळी 2 ते 8 अंशांत राहिली नाही, घाट चढताना बर्फ वितळला, तर आरएनए तुटतो. क्रम वाचण्याआधी आरएनएच्या प्रती वाढवायला वापरतात तो छोटा तुकडा, प्रायमर, जिथे बसतो नेमका तिथेच बदल झाला असेल, तर तिथल्या भागाच्या प्रती वाढतच नाहीत आणि क्रमात मोकळी जागा राहते. अहवाल येईपर्यंत आठवडे जात, रुग्ण बरा होऊन घरी गेलेला असे.

तरीही 25 जूनला आदेश निघाला: पॉझिटिव्हिटी कितीही कमी असो, कोणताही जिल्हा निर्बंधांच्या तिसऱ्या स्तराखाली (म्हणजे अधिक सैल स्तरात) नाही. दुकाने पुन्हा दुपारी 4 ला बंद. सावधगिरी समजू शकते, पण 21 नमुन्यांवर सगळे राज्य तोलणे घाईचेच होते.

पुढे एवायची यादी शंभरीपार गेली. बहुतेक शाखांत के417एन नव्हताच, तरी ‘डेल्टा प्लस’च्या आकड्यांत त्यांतल्या काही मिसळल्या. 2022 च्या सुरुवातीला ओमायक्रॉनने डेल्टाला मागे टाकले. त्यातही के417एन होता, पण सोबत स्पाईकमधले आणखी 30 च्या आसपास बदल होते.