‘डीव्ही’चा अर्ज: कोणी, कुठे आणि कोणते कागद घेऊन

‘डीव्ही टाकली’ म्हटलं की लोकांना वाटतं, आता नवरा आत जाणार. तसं नाही. ‘डीव्ही’ म्हणजे 2005 चा कौटुंबिक हिंसाचार कायदा, आणि तो आहे मुळात मारहाण थांबावी, बाईला घरात राहता यावं आणि खर्चाला पैसे मिळावेत म्हणून. अर्ज बायकोच करते असंही नाही. आई, बहीण, विधवा सून, लग्न न करता नवरा-बायकोसारखी एकत्र राहणारी स्त्री, कोणीही करू शकते. 2016 च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालानंतर सासूलाही सुनेविरुद्ध दाद मागता येते. (वडिलांना यातून अर्ज करता येत नाही, त्यांनी 2007 चा ज्येष्ठ नागरिकांचा कायदा बघावा.)

आधी संरक्षण अधिकाऱ्यांना गाठा. महाराष्ट्रात ते महिला व बालविकास विभागाचे असतात. तोंडी सांगितलं तरी लिहून घ्यावं लागतं, प्रत फुकट मिळते. मग घटना अहवाल, म्हणजे ‘डीआयआर’, तयार होऊन कोर्टात जातो. त्यात तारीख, वेळ, जागा विचारतात आणि बऱ्याच जणी तिथेच अडतात. तारीख आठवत नसेल तर ‘नागपंचमीच्या आदल्या दिवशी, स्वयंपाकघरात’ असं सांगा. नुसतं ‘नेहमी त्रास देतात’ म्हणून भागत नाही. किराण्याला पैसे न देणं, पगाराचं एटीएम कार्ड काढून घेणं हाही हिंसाचारच; तोही लिहून घ्यायला लावा.

वकिलामार्फत थेट प्रथमवर्ग न्यायदंडाधिकाऱ्यांकडेही कलम 12 खाली अर्ज करता येतो. माहेरी राहत असाल तर तिथल्या कोर्टातही. तालुका विधी सेवा समितीकडून बाईला वकील मोफत मिळतो, उत्पन्न कितीही असो.

कागद: आधार, लग्नपत्रिका किंवा फोटो, दवाखान्याचे कागद, पोलिसांत दिलेल्या एनसीची (अदखलपात्र तक्रारीची) प्रत, स्त्रीधनाची यादी, नवऱ्याचं पगारपत्रक किंवा सातबारा. एखादा नसेल म्हणून थांबू नका. पोटगी मागताना मात्र स्वतःच्या उत्पन्नाचं आणि मालमत्तेचं प्रतिज्ञापत्र द्यावं लागतं.

मागण्या एकेक करून लिहा: संरक्षण, निवास, खर्च, मुलांचा ताबा, भरपाई. घर सासऱ्यांच्या नावावर असलं तरी निवासाचा हक्क मागता येतो. सर्वोच्च न्यायालयाचा 2020 चा तसा निकाल आहे. कायद्यात 60 दिवसांत निकालाचं लिहिलंय, तारखा मात्र लांबतात, म्हणून कलम 23 खाली अंतरिम, म्हणजे निकाल लागेपर्यंतचा तात्पुरता, आदेश अर्जासोबतच मागा.

संरक्षण आदेशाची प्रत जवळ ठेवा. तो मोडला तर एक वर्षापर्यंत कैद, 20,000 रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही, आणि हा गुन्हा अजामीनपात्र आहे.