औषधी वनस्पतींच्या जंतुरोधक आणि अँटिऑक्सिडंट चाचण्या

पिढ्यान्‌पिढ्या औषध म्हणून वापरात असलेला झाडपाला जंतूंची वाढ खरंच थांबवतो का, आणि फ्री रॅडिकल्सना (पेशींना इजा करू शकणाऱ्या अस्थिर रेणूंना) निकामी करायची, म्हणजे अँटिऑक्सिडंट, क्षमता त्याच्यात किती आहे, हे लॅबमध्ये मोजून बघायच्या या चाचण्या. महाराष्ट्रात बॉटनी, मायक्रोबायोलॉजी नाहीतर फार्मसी शिकलेल्या खूप जणांनी प्रोजेक्टला हेच केलेलं असतं, कारण लागणारं सामान बहुतेक कॉलेजांत असतंच. उदाहरण म्हणून हिरडा घेऊ. जुन्नर, आंबेगाव, भीमाशंकरच्या डोंगरात महादेव कोळी कुटुंबं हिरडा गोळा करून विकतात, कोवळ्या वाळलेल्या फळाला बाळहिरडा म्हणतात, आणि त्रिफळा चूर्णातल्या तीन फळांपैकी हे एक.

सगळ्यात आधी झाड नेमकं कुठलं ते पक्कं करायचं. फांदी, पान, फूल दाबून वाळवून तिचा नमुना हर्बेरियममध्ये, म्हणजे वाळवलेल्या वनस्पतींच्या संग्रहात, जमा करतात, पुण्यात आघारकर संशोधन संस्थेत किंवा भारतीय वनस्पती सर्वेक्षणच्या केंद्रात, आणि त्याचा नंबर पेपरमध्ये देतात. हे टाळलं तर पुढचं सगळं काम फुकट, कारण बाजारात अशोकाची साल म्हणून रस्त्याकडेच्या उंच सरळ खोट्या अशोकाची सालही मिळते आणि भुकटी झाल्यावर नुसत्या डोळ्यांना फरक कळत नाही.

मग माल सावलीत वाळवून दळतात आणि अर्क काढतात. इथेच माझ्या मते सगळ्यात मोठी गडबड होते. लोक घेतात काढा किंवा चूर्ण, आणि लॅबमध्ये अर्क काढायला घेतात मेथॅनॉल हे अल्कोहोल, कारण त्यात जास्त घटक उतरतात आणि आकडे चांगले येतात. पण मग चाचणी झाली ती मेथॅनॉलच्या अर्काची, आजीच्या काढ्याची नाही. बनवायच्या रीतीने किती फरक पडतो याचं मोठं उदाहरण चीनमधलं आहे, तिथल्या शास्त्रज्ञ तू यूयू यांना मलेरियावरच्या झाडाच्या गरम अर्काचे रिझल्ट धड येत नव्हते, जुन्या ग्रंथात ते झाड थंड पाण्यात भिजवून पिळायला सांगितलंय हे वाचून त्यांनी कमी तापमानाला ईथरमध्ये अर्क काढला आणि त्यातून पुढे आर्टेमिसिनिन हे मलेरियाचं औषध मिळालं, २०१५ चं नोबेल त्यासाठीच. म्हणून निदान एक तरी अर्क लोक करतात तसाच, पाण्यातला, हवाच.

जंतूंसाठी सोपी पद्धत म्हणजे आगर प्लेट. म्युलर हिंटन आगरवर (जंतू वाढवायच्या जेलीसारख्या थरावर) स्टॅफिलोकोकस ऑरियस किंवा ई. कोलाय हा जंतू पसरवायचा, भोक पाडून त्यात अर्क टाकायचा, ३७ अंशाला रात्रभर ठेवायचं आणि सकाळी भोकाभोवतीचं स्वच्छ वर्तुळ, म्हणजे झोन, मिलिमीटरमध्ये मोजायचं. सोबत एक अँटिबायोटिक आणि एक नुसतं सॉल्व्हंट, म्हणजे अर्क ज्यात विरघळवला तो द्रव (बहुतेकदा डीएमएसओ), लागतंच, नाहीतर जंतू अर्काने थांबले का डीएमएसओने ते कळणार नाही. ई. कोलायला बाहेरून एक जादा आवरण असतं म्हणून वनस्पतींचे अर्क त्याच्यावर सहसा कमी चालतात.

पण झोन मोठा म्हणजे औषध जोरदार असं नाही! हिरड्यात चेब्युलॅजिक आणि चेब्युलिनिक ॲसिडसारखे मोठे टॅनिन, म्हणजे तुरट चव देणारे पदार्थ, असतात, ते आगरमधून हळू पसरतात, त्यामुळे झोन लहान दिसू शकतो. म्हणून एमआयसी काढावी, म्हणजे अर्क पातळ पातळ करत जाऊन जंतूंची वाढ थांबवणारं कमीत कमी प्रमाण शोधायचं. साधारण १०० मायक्रोग्रॅम प्रति मिलिलिटर किंवा त्याहून कमी आली तर पुढे जाण्यासारखं, १००० च्या वर गेली तर फारसा अर्थ नाही. शिवाय टॅनिन कुठल्याही प्रोटीनला चिकटतात, तेव्हा तोच अर्क माणसाच्या पेशींवरही तपासला पाहिजे, नाहीतर जंतू मेले ते औषधाने का सरसकट मारा झाला म्हणून हे सांगता येत नाही.

अँटिऑक्सिडंटसाठी डीपीपीएच सगळ्यात जास्त वापरतात. हा गडद जांभळा पदार्थ स्वतःच एक फ्री रॅडिकल आहे, त्यात अर्क मिसळून अर्धा तास अंधारात ठेवला की रंग पिवळट होत जातो आणि तो ५१७ नॅनोमीटरवर मोजतात. निम्मं डीपीपीएच निकामी करायला किती अर्क लागला तो आकडा म्हणजे आयसी ५०, जितका कमी तितकं चांगलं, तुलनेला व्हिटॅमिन सी असतं. जोडीला फ्रॅप आणि एबीटीएस या रंगबदलावरच्याच चाचण्या आणि एकूण फिनॉल (टॅनिन ज्यात मोडतात तो गट) मोजायची फॉलिन चाचणी करतात. हिरडा या सगळ्यात छान आकडे देतो, टॅनिन भरपूर असल्यावर ते होणारच.

फक्त हे सगळं टेस्टट्यूबमधलं. पोटात गेल्यावर हे मोठे टॅनिन जसेच्या तसे रक्तात जात नाहीत, आतड्यातले जीवाणू त्यांचे तुकडे करून युरोलिथिन नावाचे लहान रेणू बनवतात, आणि शरीरात काय होतं ते त्यावर बरंच अवलंबून असतं. अमेरिकेच्या कृषी खात्याने २०१२ मध्ये पदार्थांच्या अँटिऑक्सिडंट आकड्यांची आपली यादी वेबसाइटवरून काढून टाकली, कारण कंपन्या ते आकडे जाहिरातीत वापरत होत्या आणि आरोग्याशी त्यांचा थेट संबंध दिसत नव्हता. आपल्याकडे मात्र चूर्णाच्या डब्यांवर 'अँटिऑक्सिडंटने भरपूर' अजून छापलं जातं, आणि अशा दाव्याला आयसी ५० एवढाच आधार असेल तर तो पुरेसा नाही.