‘स्टँडिंग ओव्हेशन’: दुय्यम सन्मानाची झालेली सर्वोच्च दाद

प्रयोग संपताच सगळं नाट्यगृह उठून टाळ्या वाजवू लागलं, की बातमीत ‘स्टँडिंग ओव्हेशन’ हमखास येतं. १६ नोव्हेंबर २०१३ रोजी वानखेडेवर सचिन तेंडुलकरने निरोप घेतला, तेव्हा त्याला मिळालं ते हेच. प्रेक्षकांकडून याहून मोठी दाद नाही. मात्र यातलं ‘ओव्हेशन’ मुळात दुसऱ्या दर्जाचं होतं.

प्राचीन रोममध्ये मोठं युद्ध जिंकलेल्या सेनापतीची ‘ट्रायम्फ’ नावाची विजययात्रा निघे. चार घोड्यांचा रथ, डोक्यावर लॉरेलच्या पानांचा मुकुट, शेवटी कॅपिटोल टेकडीवर बैलांचा बळी. विजय तेवढ्या तोलाचा वाटला नाही, तर सिनेट, म्हणजे रोमची वरिष्ठ राज्यसभा, ‘ओव्हातिओ’ या दुय्यम यात्रेवर भागवत असे. रथ नाही, सेनापती पायी. पुढच्या काळात घोड्यावर. मुकुट मर्टल या झुडपाच्या पानांचा, रणशिंगांऐवजी बासऱ्या आणि बळी मेंढीचा. मेंढीला लॅटिनमध्ये ‘ओव्हिस’ म्हणतात, त्यावरून हे नाव पडलं असं प्राचीन ग्रीक लेखक प्लुटार्कचं मत. सिसिलीतलं सिराक्यूज शहर जिंकणाऱ्या मार्सेलस या सेनापतीलाही इ.स.पू. २११ मध्ये रोम शहरात ओव्हातिओच मिळाली.

सगळ्यात बोलकं उदाहरण मला क्रॅसस या रोमन सेनापतीचं वाटतं. इ.स.पू. ७१ मध्ये त्याने स्पार्टाकसच्या नेतृत्वाखालचं गुलामांचं बंड मोडलं. या बंडखोरांनी रोमच्या सैन्याला अनेकदा हरवलं होतं. तरी शत्रू गुलाम, म्हणून क्रॅससला ट्रायम्फ नाही, ओव्हातिओच. सिनेटने लॉरेलचा मुकुट घालू दिला, एवढीच सवलत. पकडलेल्या सुमारे ६,००० बंडखोरांना इटलीतल्या कॅपुआ शहरापासून रोमपर्यंतच्या रस्त्याच्या कडेने क्रुसावर चढवलं गेलं. त्यांना हरवण्यातही मोठेपणा नाही, असंच रोमने ठरवलं होतं. माणसांबद्दलची इतकी तुच्छता सन्मानाच्या दर्जातून क्वचितच दिसते.

‘ओव्हातिओ’वरून ‘ओव्हेशन’ हा शब्द इंग्रजीत सोळाव्या शतकात आला तो याच रोमन अर्थाने. लोकांनी केलेलं जल्लोषाचं स्वागत आणि टाळ्यांचा कडकडाट हा अर्थ एकोणिसाव्या शतकात पक्का झाला, तर ‘स्टँडिंग’ची जोड विसाव्या शतकात रूढ झाली. त्यामुळे प्रेक्षकांनी बसून कितीही वेळ टाळ्या वाजवल्या, तरी तिथे ‘स्टँडिंग ओव्हेशन’ लिहू नये. फ्रान्समधल्या कान (Cannes) शहरातल्या चित्रपट महोत्सवात तर आता उभं राहून वाजवलेल्या टाळ्यांची मिनिटं मोजली जातात. २००६ मध्ये ‘पॅन्स लॅबिरिंथ’ला २२ मिनिटं टाळ्या मिळाल्याचं सांगितलं जातं.