मोझांबिक: शहरं, प्रांत आणि राष्ट्रीय उद्यानं

मोझांबिक हा आफ्रिकेच्या आग्नेय किनाऱ्यावरचा देश, मादागास्करच्या बरोब्बर समोर. किनारा जवळपास 2,500 किमी, मधून झांबेझी नदी जाते आणि देशाचे उत्तर-दक्षिण असे दोन भाग करते. कारभाराची भाषा पोर्तुगीज, पण घराघरात माकुआ, सेना, चांगाना अशा भाषा चालतात. 25 जून 1975 ला पोर्तुगालपासून स्वातंत्र्य मिळालं. 10 प्रांत आहेत आणि राजधानी मापुतोला वेगळा प्रांताचा दर्जा आहे.

आपल्याकडे हा देश फार लांबचा वाटतो, पण मोसंबी हा शब्दच मोझांबिकवरून आलाय असं मानतात, गोव्याचं चिकन काफ्रियालही तिकडूनच आलं असं सांगतात, आणि 2016 च्या करारानंतर तिथली तूरडाळ आपल्याकडे मोठ्या प्रमाणात यायला लागली. मुख्य म्हणजे 1752 पर्यंत मोझांबिकचा कारभार गोव्यातून चालायचा, तिथला अधिकारी गोव्याच्या व्हाइसरॉयच्या हाताखाली असायचा.

या सगळ्याचं केंद्र होतं इल्या द मोसांबिक, म्हणजे मोझांबिक बेट, ज्याचं नाव पुढे अख्ख्या देशाला पडलं. बेट जेमतेम 3 किमी लांब, रुंदी तर अर्धा किलोमीटरही नाही, आता मुख्य जमिनीशी लांबलचक पुलाने जोडलंय. वास्को द गामा 1498 मध्ये इथे आला तेव्हा इथे आधीच अरब-स्वाहिली व्यापाऱ्यांचं बंदर चालू होतं, हे विसरून चालत नाही, कारण बऱ्याच ठिकाणी बेटाचा इतिहास पोर्तुगीजांपासूनच सुरू केलेला दिसतो. टोकाला साव सेबास्तियाव किल्ला आहे, डचांनी 1607 आणि 1608 असे लागोपाठ दोनदा हल्ले केले पण किल्ला पडला नाही. शेजारचं 1522 चं छोटं चॅपल दक्षिण गोलार्धातली सगळ्यात जुनी युरोपीय इमारत समजतात. बेटावर गोड्या पाण्याची कायम टंचाई, म्हणून घरांची छपरं सपाट बांधून पावसाचं पाणी खाली टाक्यांत सोडायची पद्धत होती. दीव आणि गुजरातचे वाणी इथे कापड आणायचे आणि हस्तिदंत घेऊन जायचे, त्यांच्यामुळे बेटावर हिंदू मंदिरसुद्धा आहे.

बेटाचे दोन भाग आहेत, एकीकडे दगडी शहर आणि दुसरीकडे माकुती, म्हणजे झावळ्यांनी शाकारलेल्या घरांची वस्ती. माकुतीची जमीन खोलगट आहे, कारण दगडी शहराचे वाडे बांधायला दगड तिथूनच काढला, आणि त्या खड्ड्यांतच पुढे गरिबांची घरं उभी राहिली. गुलामांच्या व्यापारातही या बंदराचा मोठा वाटा होता. 1898 मध्ये राजधानी दक्षिणेला गेली आणि बेट मागे पडलं, 1991 पासून ते जागतिक वारसा यादीत आहे.

नवी राजधानी म्हणजे आजचं मापुतो, 1976 पर्यंत लोरेन्सो मार्कीश. रुंद रस्ते, दुतर्फा गुलमोहर आणि जॅकरंडा, आणि रस्त्यांना कार्ल मार्क्स, लेनिन, हो ची मिन्ह अशी नावं. घुमटवालं रेल्वे स्टेशन आयफेलने बांधलं असं सर्रास सांगतात, ते खरं नाही. 2018 पासून खाडीपलीकडच्या कातेंबेला जायला मोठा झुलता पूल झालाय. शहरात फिरायला 'शापा' नावाच्या खचाखच भरलेल्या मिनीबस.

बैरा हे मधल्या किनाऱ्यावरचं बंदर, झिम्बाब्वेचा बराच माल इथून जातो. शहर अगदी सखल आहे, त्यामुळे मार्च 2019 मध्ये इडाई चक्रीवादळ आलं तेव्हा प्रचंड नुकसान झालं. मदतीला आधी पोचलेल्यांत भारतीय नौदलाची तीन जहाजं होती.

बैरापासून आत गेलं की गोरोंगोझा राष्ट्रीय उद्यान, साधारण 4,000 चौ. किमी. 1960 मध्ये जाहीर झालं. पण 1977 ते 1992 च्या यादवी युद्धात दोन्ही बाजूंच्या सैनिकांनी मांसासाठी आणि हस्तिदंतासाठी इतकी शिकार केली की मोठे प्राणी 90 टक्क्यांहून जास्त संपले. हत्ती हजारोंवरून काही शेकड्यांवर आले. ज्यांना सुळे नव्हते त्या हत्तिणी वाचल्या, त्यामुळे आधी पाचातली एक बिनसुळ्याची असायची ते युद्धानंतर निम्म्यापर्यंत गेलं, आणि हा गुण लेकींमध्येही उतरलाय. नर मात्र असे जवळपास दिसतच नाहीत, कारण तोच जनुकीय बदल नर पिल्लाला जगू देत नाही. 2008 पासून सरकार आणि अमेरिकन दानशूर ग्रेग कार यांच्या संस्थेने मिळून उद्यान पुन्हा उभं केलंय, 2018 मध्ये रानकुत्रेही परत आणले. शेजारच्या गोरोंगोझा डोंगरावरून उद्यानाला पाणी येतं, म्हणून तिथे जंगल तोडण्याऐवजी गावकऱ्यांना सावलीतली कॉफी लावायला मदत करतात, आणि उद्यान टिकण्यात या कॉफीचा वाटा कुंपणापेक्षा मोठा आहे असं मला वाटतं.

बाकी उद्यानांत बाझारुतो बेटांचा समुद्र ड्युगाँगसाठी, म्हणजे समुद्री गायींसाठी, पश्चिम हिंदी महासागरात सगळ्यात महत्त्वाचा. लिंपोपो उद्यान दक्षिण आफ्रिकेच्या क्रूगरला लागून आहे. अगदी उत्तरेला नियासा अभयारण्य, साधारण 42,000 चौ. किमी, म्हणजे गोव्याच्या दहापटीहून मोठं. त्याच्या पूर्वेला काबो देल्गादो प्रांत, तिथे पेंबा शहर आणि किरिंबास बेटं, पण 2017 पासून सशस्त्र हल्ल्यांमुळे लाखो लोकांना गाव सोडावं लागलंय.