वल्हे

होडी वा जहाज माणसाच्या बळावर चालवण्याचे लांब दांड्याचे साधन. मूठ, दांडा व पाते हे त्याचे भाग. काठावरील खुंटीत किंवा कड्यात अडकवून ते ओढतात; त्यामुळे वल्हवणाऱ्याची पाठ प्रवासाच्या दिशेकडे असते. कशालाही न टेकवता, पुढे तोंड करून मारायचे आखूड वल्हे बहुधा याहून बरेच जुने असावे. इंग्लंडमधील स्टार कार या मध्याश्मयुगीन स्थळी लाकडी वल्ह्याचे पाते मिळाले आहे. ईजिप्तमध्ये खुफूच्या पिरॅमिडलगत १९५४ मध्ये सापडलेल्या नौकेत (इ. स. पू. सु. २५००) लांब वल्ही होती, पण ती नौका ओढण्यासाठी की दिशा देण्यासाठी, याविषयी मतभेद आहेत.

सर्वाधिक वाद प्राचीन ग्रीक युद्धनौका ट्रायरीम हिच्या वल्ह्यांविषयी, म्हणजे ती तीन रांगांत होती काय याविषयी, झाला. एकावर एक तीन रांगा अशक्य असून एकेका वल्ह्यावर तिघे बसत, असे एक मत होते. ग्रीक इतिहासकार थ्यूसिडिडीझचा वृत्तान्त मात्र त्याविरुद्ध जातो : इ. स. पू. ४२९ मध्ये कॉरिंथहून मेगाराकडे पायी निघालेल्या खलाशांपैकी प्रत्येकाने आपापले वल्हे, बसायची गादी व वल्हे अडकवायचा पट्टा बरोबर घेतला होता. तिघांचे वल्हे एकट्याने वाहून नेले असेल, हे पटणे कठीण. अथेन्सच्या नौदलाच्या शिलालेखांतील यादीतही वरच्या रांगेची ६२, मधली ५४, खालची ५४ व राखीव ३० अशी एका ट्रायरीमची २०० वल्ही येतात. जॉन मॉरिसन व जॉन कोट्स यांच्या आराखड्यावरून बांधलेली ट्रायरीमची प्रतिकृती ‘ऑलिंपियास’ १९८७ मध्ये पाण्यात उतरली व १७० वल्हेकऱ्यांनी ती चालवून दाखवली. तीन रांगा चालू शकतात एवढे त्यावरून ठरले. आराखड्याचे तपशील अजून वादातच आहेत. ज्यांच्या नावातच चार, पाच वा त्याहून मोठा अंक येतो अशा नंतरच्या नौकांत तो अंक रांगांचा नसून एका बाजूच्या वल्हेकऱ्यांच्या उभ्या गटाचा असावा, हे मत आता अधिक ग्राह्य धरतात.

सोळाव्या शतकात भूमध्य समुद्रातील गॅली या वल्ह्यांनी चालणाऱ्या नौकांवर एका मोठ्या वल्ह्यावर अनेक माणसे बसवण्याची पद्धत रूढ झाली.

शर्यतीच्या नौकांत दोन हातांत दोन वल्ही किंवा दोन्ही हातांत मिळून एकच वल्हे, असे दोन प्रकार आहेत. दांडा पूर्वी लाकडी असे. आता कार्बन तंतूंचा असतो. १९९० च्या दशकाच्या आरंभी कुऱ्हाडीसारखे, एका अंगाला झुकलेले रुंद पाते आले आणि अल्पावधीतच पूर्वीचे सममित पाते मोठ्या स्पर्धांतून जवळजवळ नाहीसे झाले.