नेटवर्क केबलमधल्या तारांना पीळ का असतो?

इंटरनेटची किंवा कॅमेऱ्याची केबल सोलली की आत आठ तारा दिसतात. दोन-दोनच्या चार जोड्या, आणि प्रत्येक जोडीला पीळ. हा पीळ कशासाठी, ते समजलं की आमचंच नव्हे, केबल टाकणाऱ्या कोणाचंही काम तुम्हाला स्वतः तपासता येईल.

जोडीतल्या दोन्ही तारांवर एकच सिग्नल जातो, पण उलट: एकीवर व्होल्टेज वाढतं तेव्हा दुसरीवर तेवढंच कमी होतं. पलीकडचं उपकरण फक्त दोघींमधला फरक वाचतं. नाशिकच्या सातपूर किंवा अंबड औद्योगिक वसाहतीतल्या शेडमध्ये शेजारून मोटरच्या ड्राइव्हची (वेग सांभाळणाऱ्या उपकरणाची) केबल गेलेली असते, तिचा त्रास या तारांनाही होतो. तो दोघींना सारखाच झाला, तर फरक होता तसाच राहतो आणि त्रास वजाबाकीत निघून जातो. सारखाच व्हावा म्हणून पीळ. कधी ही तार त्या केबलच्या जवळ येते, कधी ती. अलेक्झांडर ग्रॅहम बेल यांनी टेलिफोनच्या तारांसाठी याचं पेटंट १८८१ साली घेतलं. आजची गिगाबिट (सेकंदाला १००० मेगाबिटची) लाइन त्याच युक्तीवर चालते.

चारही जोड्यांचा पीळ एकसारखा नसतो. काहींचा घट्ट, काहींचा सैल. सगळ्यांचा सारखा ठेवला तर एका जोडीचं बोलणं शेजारच्या जोडीत उतरतं.

आता कामाचं. केबल चांगली असूनही लाइन बिघडते ती बहुतेक वेळा टोकाला. जॅक बसवणं सोपं जावं म्हणून पीळ लांबवर उकलला जातो. तो १३ मिलिमीटरपेक्षा जास्त उकलू नये. कॅट ६ या जास्त क्षमतेच्या केबलला त्याहून कमी उकलला तर उत्तमच. दुसरी चूक दिसतच नाही: एकेका रंगाची जोडी ओळीने एकापुढे एक लावून टाकणं, दोन्ही टोकांना तशीच. दिव्यांचा साधा टेस्टर आठही दिवे लावून ‘बरोबर’ म्हणतो, पण ३ आणि ६ नंबरच्या पिनवर एकाच जोडीच्या तारा यायला हव्यात, त्या वेगवेगळ्या जोड्यांतल्या येतात. मग वेग अडखळतो, कॅमेऱ्याचं चित्र थांबतं आणि दोष राउटरला दिला जातो. म्हणून आम्ही दोन्ही टोकांना पांढरा-केशरी, केशरी, पांढरा-हिरवा, निळा, पांढरा-निळा, हिरवा, पांढरा-तपकिरी, तपकिरी हाच क्रम ठेवतो.

गिगाबिटला चारही जोड्या लागतात. लाइन एकदम १०० मेगाबिटवर अडकली तर एखादी तार सुटलीय का ते आधी बघा.

केबल विजेच्या वायरिंगसोबत एकाच पाइपमधून नेऊ देऊ नका. ओलांडायचीच तर काटकोनात. नेटवर्क स्विचपासून (जिथून सगळ्या केबल निघतात तो डबा) उपकरणापर्यंत एकूण १०० मीटर ही मर्यादा आहे. गोडाऊन त्यापलीकडे असेल तर फायबर (प्रकाशावर चालणारी काचेची केबल) घ्या. आणि तांब्याचा मुलामा दिलेली ॲल्युमिनियमची केबल स्वस्त मिळाली तरी घेऊ नका, विशेषतः केबलमधूनच कॅमेऱ्याला वीज द्यायची असेल तेव्हा: ती जास्त तापते आणि वाकवताना तुटते. शंका असेल तर तारेचं टोक चाकूने खरवडून बघा, आत पांढरट धातू दिसला की केबल परत करा.