आरसी ट्रान्समीटरची निवड

रिमोटवर चालणारी गाडी, बोट, रणगाडा किंवा विमान चालवायला जो रेडिओ हातात धरतात तो म्हणजे आरसी (रेडिओ कंट्रोल) ट्रान्समीटर. छंदवाले त्याला नुसतं रेडिओ म्हणतात, कोणी टीएक्स म्हणतं, घरचे सगळे रिमोटच म्हणतात, आणि तिन्ही चालतं. खेळण्यातल्या गाडीसोबत येणाऱ्या साध्या रिमोटचं बटण एकतर दाबलेलं असतं नाहीतर सोडलेलं, म्हणजे गाडी एकतर पूर्ण डावीकडे नाहीतर सरळ नाकासमोर. हॉबी ग्रेड रेडिओत चाक जेवढं फिरवाल तेवढीच गाडीची पुढची चाकं वळतात, ट्रिगर जेवढा ओढाल तेवढाच वेग, याला प्रपोर्शनल कंट्रोल म्हणतात आणि एकदा याची सवय लागली की बटणवाला रिमोट परत हातात धरवत नाही.

रेडिओ घेणं हे सोयरीक जुळवण्यासारखं आहे, नवरदेव एकटा येत नाही, अख्खं घराणं येतं. कारण एका कंपनीचा रेडिओ साधारणपणे स्वतःच्याच प्रोटोकॉलच्या, म्हणजे स्वतःचीच भाषा कळणाऱ्या रिसीव्हरशी (गाडीत बसून सिग्नल पकडणाऱ्या डबीशी) बोलतो, आणि रिसीव्हर हा गाडीगणिक एक लागतो. गाड्या तुटतात, विकल्या जातात, नवीन येतात, रेडिओ मात्र वर्षानुवर्षं तोच राहतो, म्हणून रेडिओच्या किमतीपेक्षा त्याचा रिसीव्हर केवढ्याला पडतो आणि सहज मिळतो का हे आधी बघावं. नवखा माणूस नेमकं उलटं करतो, स्क्रीन रंगीत आहे का ते बघतो.

आतमध्ये काय होतं

चाकाच्या किंवा स्टिकच्या (बोटाने हलवायच्या दांडीच्या) मागे एक पोटेन्शिओमीटर असतो किंवा चुंबकावर चालणारा हॉल सेन्सर असतो, तो किती फिरलं ते मोजतो, रेडिओ त्या मापाचा आकडा करून हवेत सोडतो, रिसीव्हर तो पकडून सर्व्होला (चाकं वळवणारी छोटी मोटर) आणि ईएससीला (मुख्य मोटरचा वेग सांभाळणारं सर्किट) देतो. नेहमीच्या सर्व्होला साधारण दर २० मिलिसेकंदांनी एक पल्स जातो, तो १५०० मायक्रोसेकंदांचा असेल तर सर्व्हो मध्यावर, १००० च्या आसपास एका टोकाला, २००० च्या आसपास दुसऱ्या टोकाला. हे आकडे लक्षात ठेवले की पुढचं सेटिंगचं प्रकरण निम्मं सुटतं. पोटेन्शिओमीटर घासून घासून झिजतो, हॉल सेन्सरमध्ये काही घासतच नाही, म्हणून स्टिकचा रेडिओ घेताना हॉल गिंबल, म्हणजे हॉल सेन्सरवाली स्टिक मिळत असेल तर तीच घ्यावी.

क्रिस्टलचा जमाना

रेडिओवर बोट चालवून दाखवायचा पहिला गाजलेला प्रयोग निकोला टेस्लाने १८९८ मध्ये न्यूयॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये केला. पुढे छंद म्हणून हे पसरलं तेव्हा देशादेशाप्रमाणे २७, ३५, ४०, ७२, ७५ मेगाहर्ट्झ असे पट्टे ठरले, आणि रेडिओत एक क्रिस्टल, म्हणजे पट्ट्यातला नेमका नंबर ठरवणारा तुकडा, रिसीव्हरमध्ये त्याच्या जोडीचा दुसरा. एकाच नंबरचे दोन रेडिओ एकाच वेळी चालू झाले की कोणाची गाडी कोणाचं ऐकते काही सांगता यायचं नाही, विमान असलं तर ते सरळ खाली. म्हणून मैदानावर एक फळी असायची, तिच्यावर प्रत्येक नंबरचा एक चिमटा, चिमटा ज्याच्याकडे त्यानेच रेडिओ चालू करायचा, बाकीच्यांनी वाट बघायची.

२००५ च्या आसपासपासून २.४ गिगाहर्ट्झचे रेडिओ पसरायला लागले आणि ही फळी गेली. हा पट्टा २४०० ते २४८३.५ मेगाहर्ट्झचा, वायफाय आणि ब्लूटूथ पण इथेच नांदतात. रेडिओ एका जागी बसून राहत नाही, सिग्नल पसरवतो किंवा सारखा उड्या मारत फिरतो, आणि प्रत्येक पॅकेटबरोबर स्वतःची ओळख पाठवतो, रिसीव्हर फक्त त्याच ओळखीचं ऐकतो. ही ओळख एकदा पटवून देणं म्हणजे बाइंड करणं.

आता कोणी जुना क्रिस्टलवाला सेट स्वस्तात देतोय म्हणून घेऊ नका, एकच अपवाद आहे आणि तो म्हणजे पाणबुडी. पाणी २.४ च्या लहरी पिऊन टाकतं, बोट पाण्याखाली गेली की संपर्क संपला, त्यामुळे पाणबुडीवाले अजून २७, ४० किंवा ७५ मेगाहर्ट्झचे सेट जपून ठेवतात.

पिस्तूल की स्टिक

गाडी किंवा साधी बोट चालवायची तर पिस्तूल, म्हणजे पिस्तुलासारखा धरायचा रेडिओ. डाव्या हातात मूठ, तर्जनी ट्रिगरवर, उजव्या हाताने चाक, ट्रिगर ओढला की पुढे, ढकलला की ब्रेक आणि मग रिव्हर्स. डावखुऱ्यांचे यात हाल होतात, काही मॉडेलमध्ये चाक उचलून दुसऱ्या बाजूला लावता येतं, ते घेण्याआधी विचारून घ्यावं. मूठ हातात बसते का हे फोटोवरून कळत नाही. कोणाचा तरी रेडिओ दहा-पंधरा मिनिटं धरून बघा, सगळं वजन मनगटावर येतंय का, बोट ट्रिगरच्या कडीत अडकतंय का, चाकाची स्प्रिंग इतकी कडक आहे का की अंगठा दुखतो. वेगवेगळ्या बोटांसाठी ट्रिगर मागेपुढे करता येणारे रेडिओ आहेत, आणि मला विचाराल तर ही सोय टेलिमेट्रीपेक्षा (गाडीकडून रेडिओवर परत येणाऱ्या माहितीपेक्षा) जास्त कामाची.

स्टिकचा रेडिओ विमान, हेलिकॉप्टर, ड्रोनसाठी लागतोच, पण रणगाडा, दोन मोटरची बोट, खोदकामाचं मशीन यांनाही तोच बरा, कारण दोन बाजूंच्या ट्रॅकना किंवा मोटरना दोन स्टिक सरळ लावता येतात. विमानवाल्यांना मोड, म्हणजे कोणत्या स्टिकवर काय, ते ठरवावं लागतं. मोड २ मध्ये थ्रॉटल (मोटरचा वेग) डाव्या स्टिकवर, मोड १ मध्ये उजव्या, आणि आजूबाजूचे लोक जो वापरतात तोच घ्यावा, म्हणजे अडचणीच्या वेळी दुसऱ्याच्या हातात रेडिओ देता येतो. विमानाच्या रेडिओवर थ्रॉटलची स्टिक सोडली तरी जागेवरच राहते, मध्यावर परत येत नाही, गाडीच्या ईएससीला मात्र न्यूट्रल मध्यावर हवं असतं. म्हणजे विमानाचा रेडिओ तसाच गाडीला जोडला तर हात सोडून गाडी थांबत नाही, आत स्प्रिंग बसवून स्टिक मध्यावर येईल अशी करून घ्यावी लागते. घाईत हे विसरणारे बरेच असतात.

चॅनल किती

चॅनल म्हणजे रेडिओवरून वेगळं चालवता येणारं एकेक काम. रेसच्या गाडीला दोन पुरतात, स्टीअरिंग आणि थ्रॉटल, बास. विमानाला चार, हेलिकॉप्टरला सहा. खरी चॅनलची भूक क्रॉलर (खडकांवर हळू चढणारी गाडी) आणि स्केल ट्रकवाल्यांची (खऱ्या ट्रकची हुबेहूब छोटी प्रतिकृती), स्टीअरिंग, थ्रॉटल, दोन स्पीडचा गिअरबॉक्स, पुढचा डिफ लॉक (दोन्ही चाकं एकत्र फिरवणारा), मागचा डिफ लॉक, विंच (दोरीने ओढणारं यंत्र), लाइट, मोजा, सात झाले. आज लागतात त्यापेक्षा दोन जास्त घ्या एवढाच हिशोब, आणि नुसता आकडा बघू नका, त्या चॅनलसाठी हाताशी स्विच किंवा नॉब आहे का ते पण बघा, आठ चॅनल आणि स्विच तीनच असा प्रकारही असतो.

घराणी

फुटाबा, सान्वा, स्पेक्ट्रम, फ्लायस्काय, फ्रस्काय, रेडिओमास्टर ही नेहमी कानावर पडणारी नावं. रेसच्या ट्रॅकवर सान्वा आणि फुटाबा जास्त दिसतात, कमी खर्चात सुरुवात करणारे बहुतेक फ्लायस्कायकडे वळतात. पण कंपनी एक म्हणजे भाषा एक असं समजू नका, इथेच पैसे वाया जातात. फ्लायस्कायचा एएफएचडीएस २ए वेगळा आणि एएफएचडीएस ३ वेगळा, सान्वाचे एफएच३, एफएच४, एफएच५ वेगळे, स्पेक्ट्रमचा विमानांसाठी डीएसएमएक्स तर गाड्यांसाठी डीएसएमआर. २०२० मध्ये फ्रस्कायने एसीसीएसटीची दुसरी आवृत्ती आणली तेव्हा जुनं फर्मवेअर (आतलं सॉफ्टवेअर) असलेला रिसीव्हर नव्या फर्मवेअरच्या रेडिओशी बोलेना, दोन्ही टोकांना अपडेट करणं भाग पडलं. त्यामुळे रिसीव्हर घेताना डब्यावरचं कंपनीचं नाव वाचून थांबू नका, प्रोटोकॉलचं नाव अक्षर न् अक्षर जुळतंय का बघा.

एका घराण्यात अडकायचं नसेल तर मल्टीप्रोटोकॉल रेडिओ आहेत, यांच्यात चार वेगवेगळ्या रेडिओ चिप बसवलेल्या असतात आणि मेन्यूतून प्रोटोकॉल निवडता येतो, म्हणजे जुन्या गाडीतला रिसीव्हर न काढता चालतो. यांच्यावर बहुतेक एजटीएक्स नावाचं मुक्त सॉफ्टवेअर असतं, ते २०२१ मध्ये ओपनटीएक्समधून फुटून निघालं. सगळं करता येतं त्यात, पण पहिल्या दिवशी साधी सर्व्होची दिशा उलटी (रिव्हर्स) करायला अर्धा तास मेन्यूत हरवायची तयारी ठेवा. एक्सप्रेसएलआरएस हा दुसरा मुक्त प्रकार, लांब पल्ल्यासाठी ड्रोनवाल्यांनी उचलून धरला आणि आता गाड्यांकडेही आलाय, रेडिओमास्टरचा एमटी१२ हा पिस्तूल रेडिओ त्याच वाटेचा. याचा ९०० च्या पट्ट्यातला मॉड्यूल घेताना मात्र युरोपात ८६८ आणि अमेरिकेत ९१५ मेगाहर्ट्झ असा फरक आहे, आपल्या देशात काय चालतं ते बघूनच घ्या.

सेटिंग

रिव्हर्स, ट्रिम आणि सबट्रिम (दोन्ही मध्य सरकवायला), ड्युअल रेट, एक्स्पो आणि एंड पॉइंट (सर्व्होने टोकाला कुठवर जायचं ती मर्यादा) एवढं असलं की गाडी नीट चालते. यातला एंड पॉइंट सगळ्यात महत्त्वाचा आणि सगळ्यात दुर्लक्षित. गाडी स्टँडवर ठेवा, चाक पूर्ण डावीकडे फिरवा आणि कान द्या, सर्व्हो गुणगुणतोय का. गुणगुणत असेल तर पुढची चाकं आधीच अडली आहेत आणि सर्व्हो अजून ढकलतोच आहे, करंट खातोय, गरम होतोय, काही दिवसांत गिअरचे दात जातील. एंड पॉइंट एकेक टक्क्याने खाली आणा, गुणगुण थांबली की तिथेच सोडा, मग उजवीकडे हेच, आणि दोन्हीकडचे आकडे सारखे येतीलच असं नाही. एक्स्पोने मध्याजवळ स्टीअरिंग मऊ होतं पण टोकाला पूर्णच वळतं, ड्युअल रेटने एकूण वळणंच कमी होतं, या दोघांत लोक कायम गोंधळतात.

मॉडेल मेमरी, म्हणजे प्रत्येक गाडीचं सेटिंग साठवायची जागा, दहा तरी असावी, आणि नावं लिहिता आली पाहिजेत, मॉडेल ३ म्हणजे कोणती गाडी हे कोणाच्याही लक्षात राहत नाही. रेसचे रेडिओ कमी लेटन्सीसाठी (हात हलला ते गाडी हलली यातला उशीर कमी व्हावा म्हणून) हाय स्पीड मोड देतात, तो फक्त डिजिटल सर्व्होवर वापरायचा, ॲनालॉग सर्व्हो त्याने जळू शकतो. रिझोल्यूशन (चाकाचं फिरणं किती टप्प्यांत मोजायचं) १०२४ की २०४८ यावर जी भांडणं होतात ती हौशी माणसाने खुशाल सोडून द्यावीत.

फेलसेफ

सिग्नल गेला की रिसीव्हरने काय करायचं ते आधीच ठरवून ठेवणं म्हणजे फेलसेफ. गाडीत थ्रॉटल न्यूट्रल किंवा ब्रेक, विमानात मोटर बंद. बऱ्याच रिसीव्हरमध्ये बाइंड करताना ट्रिगर जिथे असतो तीच जागा फेलसेफ म्हणून साठते, हे मला कसं कळलं तर बाइंड करताना माझं बोट ट्रिगरवर जरासं टेकलेलं होतं. दोन आठवडे काही झालं नाही. मग एक दिवस हातातला रेडिओ आपटला, सेल जागचे हलले, स्क्रीन काळी, आणि ट्रक संथ चालीने, अजिबात घाई न करता, सरळ भिंतीकडे गेला आणि तिला टेकून चाकं फिरवत बसला, मी मागे धावतोय. वेग जास्त असता तर हसण्यावारी गेलं नसतं. तेव्हापासून बाइंड झालं की गाडी स्टँडवर, चाकं हवेत, थोडा थ्रॉटल देऊन रेडिओ बंद करायचा, चाकं थांबली तरच गाडी खाली.

रेंज टेस्टही तशीच, बऱ्याच रेडिओत कमी पॉवरचा मोड असतो, तो लावून साधारण तीस पावलं लांब जा आणि सगळे चॅनल हलवून बघा. रिसीव्हरच्या अँटेनाचं टोकाकडचं सुमारे ३१ मिलिमीटर उघडं टोक हीच खरी अँटेना, कारण २.४ गिगाहर्ट्झची लहर साधारण साडेबारा सेंटिमीटरची आणि तिचा पाव भाग तेवढाच. ते टोक कापू नका, दुमडू नका, कार्बन फायबरला किंवा बॅटरीला चिकटवू नका, प्लास्टिकच्या नळीतून उभं बाहेर काढा. स्टिकच्या रेडिओची अँटेना मॉडेलकडे रोखून धरणंही चूक, टोकाच्या दिशेने सिग्नल सगळ्यात कमी जातो.

सेल आणि सेकंडहँड

चार पेन्सिल सेलचा रेडिओ सुरुवातीला सोयीचा. रिचार्जेबल निकेल सेल १.२ व्होल्टचे आणि साधे १.५ चे, म्हणून लो बॅटरीचा अलार्म बदलता येतो का बघा, नाहीतर भरलेल्या सेलवरही रेडिओ लवकर ओरडायला लागतो.

जुना घेत असाल तर पहिल्यांदा सेलचं झाकण उघडा, सेल टेकतात त्या धातूच्या पट्ट्यांवर हिरवी-पांढरी बुरशी असेल तर सेल आत गळलेले आहेत. मग सर्व्हो मॉनिटरचा स्क्रीन (चाक कुठे आहे त्याचा आकडा दाखवणारा) लावा, चाक पूर्ण डावीकडे नेऊन सोडा, आकडा वाचा, पूर्ण उजवीकडे नेऊन सोडा, परत वाचा. दोन्ही वेळा शून्य किंवा त्याच्या एखाद-दोन आकड्यांत आलं तर ठीक, एकदा अधिक चार आणि एकदा उणे सहा येत असेल तर पोटेन्शिओमीटर झिजलाय, किंमत पाडून मागा नाहीतर सोडून द्या.